दहा महिने वापरलेलं छोटं थर्मल सायकलर

गेल्या दोन-तीन महिन्यांत मला पाच-सहा फोन आले. डिचोलीहून, पेडण्याहून, एक तर थेट कुडाळहून. प्रश्न एकच: "ताई, तुमच्याकडे नवं पीसीआर मशीन आलंय ना, आम्ही घ्यावं का?" फोनवर निम्मं सांगून होतं तोवर प्रॅक्टिकलची बेल वाजते. म्हणून आज बसून सगळं लिहिते आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा साहाय्यक आहे. यंदा सव्वीस वर्षं होतील. यंत्राचं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्यासाठी (पीसीआरसाठी) नळ्या ठरल्या क्रमाने तापवणाऱ्या आणि गार करणाऱ्या या थर्मल सायकलरचं, सांगायचं तर ०.२ मिलिलिटरच्या ३२ नळ्या बसतील एवढा ॲल्युमिनियमचा ब्लॉक, त्याखाली तापवणारी आणि गार करणारी पेल्टिएची चकती, वर १०५ अंशांपर्यंत तापणारं झाकण. आकाराने मिक्सरच्या खोक्याएवढं. जीएसटी धरून दीड लाखाच्या थोडं वर पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच बनावटीची यंत्रं वेगवेगळ्या नावांनी मिळतात, आणि पुढे विक्रेत्याबद्दल एक तक्रारही आहे. ती कुणा एकाच्या नावावर चिकटावी असं मला वाटत नाही.

सगळे विक्रेते एकच गोष्ट पुढे करतात: वेग. सेकंदाला तीन अंश, चार अंश, पाच अंश. आमच्याकडे दाखवायला आलेल्या माणसानेही तेच केलं. मी त्याला विचारलं, "हळू किती चालतं?" त्याला प्रश्नच कळला नाही. पण कॉलेजसाठी यंत्र घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारीन. डीएनएच्या दोन साखळ्या सुट्या करायला ९५ अंश आणि दोन-तीन मिनिटं पुरतात, ते काम उकळत्या पाण्याचं भांडंही करतं. त्या पुन्हा नीट जुळवायच्या असतील तर खरी कसोटी तापमान सावकाश उतरण्याची आहे.

वेगाला एवढं महत्त्व का आलं तेही समजून घ्यायला हवं. पीसीआरमध्ये, म्हणजे कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचलेल्या आणि १९९३ साली नोबेल मिळवून देणाऱ्या पद्धतीत, लांब साखळ्या एकमेकींना पुन्हा भेटाव्यात अशी आपली इच्छा नसतेच. भरपूर प्रायमर, म्हणजे जिथून प्रत काढायची तिथे चिकटणारे डीएनएचे आखूड तुकडे, घातलेले असतात, ते आधी जाऊन बसावेत म्हणून ९५ वरून झटकन ५५ वर यायचं, मग ७२, मग परत वर. तीस फेऱ्या. तिथे वेग हवाच. आणि त्या कामात हे यंत्र चांगलं आहे: पूर्वी आम्ही ९४, ५५ आणि ७२ अंशांच्या तीन वॉटर बाथमधून स्टॉपवॉच लावून नळ्या हाताने फिरवायचो, बाष्प उडू नये म्हणून प्रत्येक नळीत मिनरल ऑइलचा थेंब टाकायचो, आणि दुपार सरेपर्यंत मुलांच्या बोटांची टोकं पांढरी व्हायची. ते सगळं गेलं. पीसीआरबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही, ते कुठलंही बरं यंत्र करतं.

मला सांगायचंय ते जोडण्याबद्दल.

खोकं उघडल्यावर पहिली परीक्षा मी लॅम्डा हिंड-थ्री मार्करने घेतली. मार्कर म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या डीएनए तुकड्यांचं मिश्रण, मोजपट्टीसारखं, आणि हा प्रत्येक लॅबच्या फ्रिजमध्ये असतो. लॅम्डा विषाणूचं ४८,५०२ अक्षरांचं डीएनए, ते एका एन्झाइमने कापून आठ तुकडे केलेले. सगळ्यांत मोठा २३,१३० अक्षरांचा, आणि वरून चौथा ४,३६१ चा. या दोघांच्या एकेका टोकाला बारा अक्षरांचं उघडं शेपूट असतं आणि ती दोन शेपटं एकमेकांना पूरक असतात. डीएनएची अक्षरं, म्हणजे बेस, चार: ए, टी, जी, सी. त्या बारापैकी दहा अक्षरं जी किंवा सी आहेत, आणि त्यांची जोडी जास्त घट्ट, त्यामुळे पकड चिवट. नळी फ्रिजमध्ये पडून राहिली की हे दोन तुकडे हळूच एकमेकांना धरतात आणि जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, ४,३६१ ची पट्टी फिकी होते. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी येऊन म्हणतो, "ताई, चौथो बॅण्ड दिसना!" उपाय सोपा: ६५ अंशांवर पाच मिनिटं आणि लगेच बर्फात. मी एकाच नळीतला मार्कर तीन भागांत वाटला. एक तसाच, एक यंत्रात ६५ वर ठेवून बर्फात, एक ६५ वर ठेवून यंत्रातच सावकाश खोलीच्या तापमानाला आणलेला. जेल पाहिलं तेव्हा मधल्या रांगेत चौथी पट्टी लख्ख, बाजूच्या दोन्ही रांगांत मंद. सुटणं आणि परत धरणं एकाच जेलवर, शेजारीशेजारी. आता प्रथम वर्षाच्या मुलांना मी पुस्तकातली आकृती दाखवण्याआधी हे जेल दाखवते.

दुसरी परीक्षा मोठी होती आणि तिला आम्ही पूर्ण आठवडा दिला. साखळ्या सुट्या झाल्या हे डोळ्यांना दिसत नाही, पण स्पेक्ट्रोफोटोमीटरला दिसतं. २६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाला डीएनएचे बेस शोषून घेतात. ते जोडीत, एकावर एक चळत लावून बसलेले असले की कमी शोषतात, चळत विस्कटली की जास्त. पूर्ण वितळलेल्या, अजून गरम असलेल्या डीएनएचं शोषण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढतं. आमच्या स्पेक्ट्रोला तापणारा कप्पा नाही, म्हणून आम्ही नळ्या यंत्रात तापवून, बर्फात एकदम गार करून, मग मोजल्या. गार झाल्यावर सुट्या साखळ्या स्वतःवरच थोड्याफार दुमडतात, म्हणून वाढ कमी दिसते, पण दिसते. क्यूव्हेट मात्र क्वार्ट्झचंच हवं. साध्या काचेतून २६० चा प्रकाश जात नाही, आणि या एका गोष्टीवर मी नव्या मुलांचे किती तास वाया गेलेले पाहिलेत.

मिठाचं द्रावण नेहमीचं: ०.१५ मोलर सोडियम क्लोराइड, ०.०१५ मोलर सायट्रेट. त्यात एकीकडे लॅम्डाचं डीएनए, दुसरीकडे वासराच्या थायमस ग्रंथीचं, दोन्ही मिलिलिटरला वीस मायक्रोग्रॅम. लॅम्डाचा आकडा सुरुवातीला ०.४१. तापवून बर्फात घातल्यावर ०.४८. मग त्याच नळ्या ६५ अंशांवर दोन तास ठेवल्या, सावकाश उतरवल्या, आणि आकडा आला ०.४२. जवळजवळ घरी परत! वासराचं डीएनए ०.४० वरून ०.४६ वर गेलं, आणि दोन तासांनंतर ०.४५. हललंच नाही म्हणा.

प्रोजेक्ट करणाऱ्या दोन्ही मुलींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं, हाच तर निकाल होता. लॅम्डाचा मजकूर साडेअठ्ठेचाळीस हजार अक्षरांचा, म्हणजे ठरावीक वजनाच्या डीएनएमध्ये त्याच्या प्रती भरपूर, आणि प्रत्येक तुकड्याला आपला जोडीदार जवळच सापडतो. गाईगुरांचा मजकूर अडीचशे कोटी अक्षरांहून मोठा. त्याच वजनात प्रत्येक ओळीच्या प्रती अगदी थोड्या. इतक्या पातळ द्रावणात एकेकट्या ओळीला आपली जोडी सापडायला वर्ष उलटून जाईल. जे थोडं जुळलं ते पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळींचं. रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहन यांनी १९६८ साली नेमक्या याच फरकावरून दाखवलं की प्राण्यांच्या डीएनएमध्ये हजारो वेळा आलेले मजकूर असतात. आमच्या मुलींनी फोंड्यातल्या एका खोलीत बसून चार आकड्यांत त्याची सावली पाहिली. मी त्यांना ते सांगितलं तेव्हा त्यातली एक म्हणाली, "मग ०.४५ पण जर्नलमध्ये लिहू?" लिहायलाच हवं.

६५ अंशच का, हेही सांगते, कारण हाच आकडा वर मार्करसाठीही आला. १९६२ साली ज्युलियस मर्मर आणि पॉल डॉटी यांनी या मिठाच्या द्रावणासाठी एक सूत्र दिलं: वितळण्याचं तापमान म्हणजे ६९.३ अधिक जी-सीच्या टक्केवारीची ०.४१ पट. लॅम्डात जी-सी साधारण निम्मे, म्हणजे जवळजवळ ९० अंश. आणि लांब साखळ्या उत्तम जुळतात ते वितळण्याच्या तापमानाच्या सुमारे २५ अंश खाली. म्हणजे ६५. या उष्णतेत चुकीच्या जोड्या टिकत नाहीत, योग्य टिकतात. बारा अक्षरांच्या शेपटाला मात्र तीच ६५ ची उष्णता सोडवून टाकते. एकाच आकड्यावर आखूड सुटतं आणि लांब जुळतं. हे ज्याला कळलं त्याला या विषयाची किल्ली सापडली असं मी मानते. यंत्राच्या बाजूने इथे पूर्ण गुण: दोन तासांत ६५ पासून अर्धा अंशही ढळलं नाही, आणि गरम झाकणामुळे शंभरातले सत्त्याण्णव मायक्रोलिटर परत मिळाले.

मर्मर आणि डॉटी यांच्याकडे १९६० साली हार्वर्डमध्ये असलं काही नव्हतं. त्यांच्या गटाने न्यूमोकॉकस जिवाणूचं डीएनए तापवलं, सावकाश थंड केलं, आणि ते दुसऱ्या जिवाणूत घातल्यावर गुणधर्म बदलण्याची त्याची ताकद परत आलेली दिसली. झटकन थंड केलेल्या डीएनएमध्ये ती फारशी नव्हती. आमच्याकडेही यंत्र येईपर्यंत या कामाला चार लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. पाणी उकळायचं, नळ्या थर्मोकोलच्या तराफ्यात खोचून सोडायच्या, बर्नर बंद करून पातेलं थर्मोकोलच्या खोक्यात झाकून घरी जायचं. सकाळी जुळलेलं डीएनए तयार. मी प्रामाणिकपणे सांगते, २४ अक्षरांचे दोन छोटे पूरक तुकडे पातेल्यात आणि यंत्रात जुळवून एकाच जेलवर लावले, तर पट्टीत फरक काढता आला नाही. तुमचं बजेट नसेल आणि काम एवढंच असेल, तर पातेलं पुरतं. यंत्राचा फायदा हा की पाऊण तासात होतं, एकाच प्रॅक्टिकलमध्ये बसतं, आणि आज केलं तसंच उद्या होतं.

पण त्यासाठी एक युक्ती लागते. या यंत्राचा सगळ्यांत मंद वेग सेकंदाला ०.१ अंश. ९५ वरून २५ वर यायला साधारण बारा मिनिटं. मला जास्त हळू हवं होतं. मेनूत "प्रत्येक फेरीला इतके अंश कमी" अशी सोय आहे. ती पीसीआरसाठी दिलेली आहे, आम्ही उतरण्यासाठी वापरली: ९५ वर तीन मिनिटं, मग ९४ पासून ४० सेकंदांची एक अशा सत्तर फेऱ्या, दर फेरीला एक अंश कमी. म्हणजे साधारण सत्तेचाळीस मिनिटं. विकत घेताना ही सोय आहे का ते समोर लावून दाखवायला सांगा.

याच २४ अक्षरांच्या तुकड्यांवर एकदा मी यंत्राला विनाकारण दोष दिला होता. कुरिअरने आलेली पावडर एका मुलाने विरघळवली, समप्रमाणात मिसळली, प्रोग्रॅम लावला. पॉलिॲक्रिलमाइड जेलवर जोडलेली पट्टी जेमतेम, खाली धूसर डाग. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी तापमान तपासलं, झाकण तपासलं, विक्रेत्याला फोन लावणार एवढ्यात त्या मुलाची वही पाहिली. त्याने सगळं डिस्टिल्ड पाण्यात केलं होतं. मीठच नव्हतं! डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचा ऋण भार असतो, दोन्ही साखळ्यांवर सारखाच, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. सोडियमचे धन कण मधे गोळा झाले की तो रेटा झाकला जातो आणि मग जोड्या बसतात. माझं माहेर आगरवाड्याचं, मिठागरांच्या गावचं. मीठ घरात कधी मोजून घेतलं नाही. इथे मात्र ५० मिलिमोलर म्हणजे ५० च. १० मिलिमोलर ट्रिस, ५० सोडियम क्लोराइड, १ ईडीटीए. या बफरची मोठी बाटली आता यंत्राशेजारीच असते. त्यात केल्यावर पट्टी पहिल्याच फेरीत ठळक आली.

आता गोव्यात राहून सोसायच्या गोष्टी. जून-जुलैत वीज जाते, हे धरूनच चाला. वीज परत आल्यावर यंत्र सोडलेल्या जागेपासून पुढे चालू होतं. मी सतराव्या फेरीला मुद्दाम स्विच बंद करून पाहिलं. पण पीसीआर मधेच गार पडलेला असतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. यूपीएस घ्याच, आणि त्याचे पैसे मूळ प्रस्तावातच धरा. दुसरं, प्रोग्रॅमच्या शेवटी ४ अंशांवर रात्रभर ठेवण्याची सवय पावसाळ्यात सोडा. आपल्या हवेत एवढी ओल असते की सकाळी ब्लॉकभोवती पाणी साचलेलं असतं. चवथीच्या सुट्टीआधी एकदा असंच राहिलं, सुट्टीनंतर ब्लॉकच्या कडेला पांढुरके डाग पडले होते. तेव्हापासून काम झालं की नळ्या फ्रिजमध्ये, यंत्र बंद, झाकण उघडं. मे महिन्यात उलट अडचण: एसी नसलेल्या खोलीत झाकण तापलेलं असताना २५ अंशांवर उतरताना पंखा खूप वेळ घुरघुरतो. शेवटचं तापमान ३० ठेवलं तरी छोट्या तुकड्यांचं काही बिघडत नाही.

कोपऱ्यातल्या चार जागा मी वापरत नाही. पातळ तारेचा तापमापक नळीत सोडून मोजलं तेव्हा पडद्यावर ९५ असताना मधल्या जागांत ९४.३ आणि कोपऱ्यांत ९३.१ आलं. सुट्या करायला तेही पुरेसं आहे, पण जुळवण्याच्या वेळी एका अंशाचा फरक निकालात दिसू शकतो. मुलांना मधल्या जागांतच नळ्या लावायला शिकवलं आहे, आणि रिकाम्या कोपऱ्यांत कोऱ्या नळ्या ठेवतो, म्हणजे झाकण सगळीकडे सारखं दाबतं.

तक्रार ही: वॉरंटी एक वर्षाची, पण मोजली गेली बिलाच्या तारखेपासून. आमचं खोकं यूपीएसच्या मंजुरीसाठी दोन महिने तसंच पडून होतं, ते दोन महिने गेले. बसवायला येतो म्हटलेला इंजिनियर तीन आठवडे आला नाही, आणि आला तेव्हा पंचवीस मिनिटांत यंत्र सुरू करून, सही घेऊन निघाला. तापमान मोजून दाखवा म्हटलं तर "मॅडम, फॅक्टरीतून झालेलं आहे" एवढंच उत्तर. वॉरंटीनंतर तो बाहेरून आला तर प्रवासखर्च वेगळा आहे, तो किती ते आधीच लेखी मागून घ्या. बसवल्याच्या दिवसापासून वॉरंटी, आणि आपल्या डोळ्यांदेखत चार जागांचं तापमान, या दोन अटी ऑर्डरमध्येच टाइप करा. विक्रेते मान्य करतात. आम्ही लिहिलं नव्हतं.

एवढं असूनही माझं उत्तर "घ्या" असंच आहे. तीस-चाळीस मुलांच्या वर्गाला ३२ नळ्या पुरतात, मेनू मुलं एका दुपारी शिकतात, आणि दहा महिन्यांत एकदाही प्रोग्रॅम मधे अडकलेला नाही. पाचपैकी चार. एक गुण कापला तो कोपऱ्यांसाठी. सेवेचे गुण यंत्राच्या खात्यात धरलेले नाहीत.

मंद उतरण्याचा प्रोग्रॅम ज्यांना हवा असेल त्यांनी वरचे आकडे तसेच भरावेत. आमच्या यंत्रात तो सातव्या क्रमांकावर आहे. पडद्यावर देवनागरी उमटत नाही, म्हणून मुलांनी ब्लॉकशेजारी चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय: ७, पातेलं.